पास

माझ्या बापाला एकच पास ठाऊक होती. कुळवाची. दुसऱ्याच्या रानात ढेकळं फोडणारी लोखंडी पास. शाळाच बघितली नाही, तर इंग्रजीतला पास त्याला कुठनं भेटणार?

माझ्या वाट्याला मात्र तो शब्द ढिगानं आला. दहावी पास झालो, गिरणीत लागलो. एस.टी.चा महिन्याचा पास. अर्ध्या पाळीत बाहेर पडायचं तर गेटपास. ताग्यात डाग नसला तर तागा पास. रविवारी व्हॉलीबॉलला बोंबलायचं, पास दे, पास दे. रातपाळीला शेंगदाणे, टाइमपास.

रद्दीतनं एक डिक्शनरी आणली. बघतो तर एवढ्याशा शब्दाला ही लांबड. ओलांडणं. मंजूर होणं. परवाना. डोंगरातली खिंड. आणि पुढं ‘अवे’ लावला की मरणंसुद्धा. वाचता वाचता वाटलं, यातल्या निम्म्या अर्थांत एक दार आहे आणि दारात कुणीतरी उभा आहे. पलीकडं जायचं ते त्याच्या मर्जीनं.

मित्रहो, आपला इतिहासच बघा. १९०७ साली भीमराव मॅट्रिक पास झाले. सत्काराच्या सभेला सी. के. बोले अध्यक्ष होते, केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र हातात दिलं. त्याच बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. ठराव पास. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. तोही ठराव पास. पण ठरावाच्या कागदानं कुणाची तहान भागते? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले, ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा कुठं त्या ठरावात पाणी आलं.

दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या सरकारनं काळ्या माणसाच्या खिशात पासबुक कोंबलं. ते नसलं की तुरुंग. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिलचे लोक पास घरी ठेवून पोलीस ठाण्यावर गेले, आम्हाला धरा म्हणाले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. ६९ माणसं मेली. ते कायदे १९८६ साली गेले.

अमेरिकेत आणखी एक अर्थ. कातडी उजळ असलेला काळा माणूस गोरा म्हणून खपून जातो, त्याला ते पासिंग म्हणतात. नेला लार्सन या काळ्या लेखिकेची त्याच नावाची कादंबरी आहे, १९२९ सालची.

आपल्याकडंही पासिंग आहे. गाडीचा नंबर बघून आपण म्हणतो, ही एमएच बाराची पासिंग. आडनाव म्हंजे माणसाची पासिंग. माझं आडनाव मराठ्यांतही आहे, आपल्यातही आहे. गेल्या वर्षी खोली बघायला गेलो. मालकानं आडनाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. तो म्हणाला, “म्हंजे आपल्यातलेच की.” मी काय बोललो नाही. नुसता हसलो. खोली मिळाली. च्यायला, दहावीपेक्षा सोपं गेलं.

बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवला. कपड्यांच्या खाली.

मनाला समजावत होतो, १९१७ साली बडोद्यात खुद्द बाबासाहेबांनाही पारशी नाव लावून पारशांच्या खानावळीत राहावं लागलं होतं. दहा-अकरा दिवसांत काठ्या घेऊन पारशी आले आणि त्यांना बाहेर काढलं. पण बाबासाहेबांनी ती गोष्ट लपवली नाही, स्वतःच्या हातानं लिहून ठेवली. मी माझी कुणाला सांगत नव्हतो. कविता म्हणायला मात्र प्रत्येक सभेत पुढं.

दिवाळीनंतर आय आली. पिशवी खाली ठेवली, चारी भिंती बघितल्या.

“फोटू कुठाय?”

मी पेटी दाखवली.

“बाबासायबाला पेटीत घातलास व्हय रं?”

एवढंच बोलली. जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी खिळा ठोकला. पहिल्या तारखेला मालक भाड्याला आला. आधी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, “पुतण्याचं लग्न ठरलंय, खोली लागंल आमाला.” महिन्याभरात खोली सोडली.

त्यानंतर दोन दारांवरनं परत आलो. तिसऱ्या दारात उंबऱ्याबाहेरच सांगितलं, “जयभीमवाला आहे, चालंल का?” म्हातारीनं वरनं खालनं बघितलं, म्हणाली, “भाडं येळेवर दे म्हंजे झालं.”

दोस्तांनो, तुमच्यातही कुणाची पेटी अशी असंल. मी त्याला शिव्या देणार नाही. डोक्यावर छप्पर लागतंच, आणि दाराचे मालक अजून तेच आहेत. पण पेटीतला फोटो रात्री झोपू देत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. खिळा आणि हातोडी माझ्याकडं आहे. लागली तर घेऊन जा.