कंधारचा दगड

विष्णुपुरीहून कंधार तसं जवळच, पन्नासेक किलोमीटर. तरी जाणं होतं ते लग्नकार्याला. या महिन्यात मात्र तीन खेपा झाल्या. वाडा पाडायचं ठरलंय ना!

कंधार म्हटलं की परक्या माणसाला अफगाणिस्तानच आठवतं. डिसेंबर १९९९ मध्ये आपलं विमान कंदहारला पळवून नेलं, तेव्हा पुण्याच्या मावशीने "तुमच्याकडे सगळं ठीक ना रे?" म्हणून फोन केला होता :) असो. आमचं कंधार मन्याडकाठचं. दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाशी किल्ल्याचं नाव जोडलेलं. गावाजवळचा जगत्तुंग समुद्र हा तलावही त्यांच्याच काळातला. किल्ला भुईकोट. डोंगराचा आडोसा नाही, म्हणून दुहेरी तट आणि भोवती रुंद खंदक, त्यात पाणी. पुढे बहमनी आले, निजामशाही आली, १६३१ मध्ये मोगलांनी घेतला, मग हैदराबादचा निजाम... थेट १९४८ पर्यंत.

लहानपणी आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. खंदकाजवळ जायचं नाही, एवढंच ठाऊक!

तर वाड्याचं. न्हाणीतला कपडे आपटायचा दगड उलटा केला, तर खालच्या बाजूला नक्षी! कमळाच्या पाकळ्या, अगदी ठसठशीत. देवळाचा असणार. आमच्या घरात कधी, कुणी आणला, सांगणारं आता कुणी उरलं नाही. पिढ्यानपिढ्या आपण त्यावर साबण घासत होतो.

ठेकेदाराने लगेच भाव सांगितला. दादा म्हणतो, विकू नको, विष्णुपुरीला तुझ्या अंगणात ठेव, आजीची आठवण. मलाही क्षणभर पटलं. पण तिकडे इटलीत लुक्का गावाने चार किलोमीटरचा जुना तट राखला, त्यावर झाडं लावली, लोक सायकली फिरवतात. आणि आपल्याकडे गावोगावचे तट मात्र लोकांच्या जोत्यांत गेले. आपलाही त्यात वाटा आहेच.

किल्ल्यात जुन्या मूर्ती आणि कोरीव शिळा ठेवलेल्या आहेत. आपलाही दगड तिथेच जावा, असं मला वाटतं. रीतसर अर्ज लिहून ठेवलाय. दादाची सही बाकी आहे. आत्या, काका, तुमचं म्हणणं वेगळं असेल तर दिवाळीच्या आत फोन करा. त्यानंतर जेसीबी येणार आहे.