चला, पुण्याची दोन कॉलेजं पाहायला!

मुलांनो, तुमच्यापैकी काहींना वर्गात उत्तर येत असतं, पण हात काही वर जात नाही. खरं ना? मग घरी कुणीतरी म्हणतं, "हा अबोल आहे, याला कॉम्प्युटरला घाला. तिथं बोलावंच लागत नाही!" माझा एक जुना विद्यार्थी असाच. बारावी झाल्यावर तो आईला घेऊन आला, तेव्हा मी एवढंच सांगितलं, "फॉर्म भरण्याआधी कॉलेजात एक चक्कर मारून ये." तुम्हीही चला आज.

शिवाजीनगर स्टेशनवर उतरलात, की जवळच १८५४ साली सुरू झालेलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. विश्वेश्वरय्या इथंच शिकले. २०२२ साली त्याचं विद्यापीठ झालं. कॉम्प्युटरचं बी.टेक. इथं चार वर्षांचं. सीईटीत भरपूर गुण हवेत, चुरस मोठी! मागं नदी आणि तिथं बोट क्लब. वल्ही मारताना गप्पा लागत नाहीत, पण सगळ्यांचे हात एका तालात पडावे लागतात. अबोल मुलाला मित्र मिळतात ते अशा जागी.

आता फर्ग्युसन रस्त्यावर येऊ. १८८५ सालचं हे कॉलेज. मोठी झाडं, मागं टेकडी, शांत ग्रंथालय. इथं कॉम्प्युटर सायन्सचं बी.एस्सी. करता येतं. बी.टेक.मध्ये पहिल्या वर्षी इंजिनिअरिंगचे इतर विषयही असतात, बी.एस्सी.त गणित आणि प्रोग्रामिंगवर भर.

पण एक गंमत सांगू? दोन्हीकडे बोलावं लागतंच! तोंडी परीक्षा असते, प्रोजेक्ट तिघाचौघांनी मिळून करायचा असतो. 'परम' हा महासंगणक १९९१ साली याच पुण्यात, सी-डॅकमध्ये तयार झाला, तोही अनेकांनी मिळून. एकट्यानं कोपऱ्यात बसून नव्हे.

म्हणून कॉलेज बघायला गेलात, की नुसती इमारत पाहून परतू नका. प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये किती मुलं असतात? तास संपल्यावर सर-मॅडमना एकट्यानं गाठून शंका विचारता येते का? प्रोजेक्टचे गट कोण पाडतं? मधल्या सुट्टीत एकटी बसलेली मुलं कुठं दिसतात, आणि ती खुशीत आहेत का? हे पाहा. विचारायला लाज वाटली, तर प्रश्न कागदावर लिहून न्या.

आणि आईबाबांनो, उत्तरं मुलालाच विचारू द्या हं! तुम्ही दोन पावलं मागं थांबा. वेळ लागेल, पण तो विचारेल. पुढची तीन-चार वर्षं तिथं त्यालाच काढायची आहेत. तेव्हा नावाजलेलं कॉलेज कुठलं, एवढंच पाहू नका. आपलं मूल कुठं प्रश्न विचारायला धजावलं, तेही लक्षात ठेवा.