बारा महिन्यांचे शिक्षण

अमेरिकेत १९९६च्या कायद्याने गरीब कुटुंबांच्या रोख साहाय्याला कामाची अट घातली. आदिवासी राष्ट्रांना मात्र स्वतःची योजना चालवता येते. ‘काम’ कशाला म्हणायचे, हे ती केंद्राशी बोलून ठरवतात. हा त्यातला शहाणपणा. राज्यांच्या योजनांत व्यवसायशिक्षण ‘काम’ म्हणून मोजले जाते ते आयुष्यात केवळ १२ महिने.

अन्नदानाच्या रांगेत आम्हाला भेटलेली एक आई परिचारिकेचा अभ्यासक्रम अर्धवट टाकून गोदामात कामाला लागली होती. आम्हाला बडोद्याची शिष्यवृत्ती आठवली. बाबासाहेबांना कोलंबियात तीन वर्षे मिळाली होती. आम्हीही बहुतेक भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकलो, आणि कोणी आम्हाला दुसऱ्या वर्षी गोदामात धाडले नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर आम्ही लोकप्रतिनिधींना पत्र लिहायला बसणार आहोत.