उभ्या माणसाचे ऋण

दुकानांचा इतिहास बहुधा मालकांच्या नावाने लिहिला जातो. १८३२ साली सांगलीत सुरू झालेली गाडगिळांची सराफी पेढी असो किंवा १९३९ साली भिलवडीत उभा राहिलेला चितळ्यांचा दुग्धव्यवसाय असो, संस्थापक कोण, पुढच्या पिढ्या कोणत्या, नवी शाखा कधी निघाली, याची माहिती सहज मिळते. परंतु कोणत्याही गावच्या कोणत्याही पेठेत फळीमागे उभे राहून माल काढणाऱ्या, तोलणाऱ्या, बांधणाऱ्या आणि गिऱ्हाइकाची आवडनिवड वर्षानुवर्षे ध्यानात ठेवणाऱ्या नोकरांची नावे पगाराच्या वहीपलीकडे क्वचितच पोहोचतात. प्रस्तुत लेखाचा विषय हा नोकर आणि त्याच्याविषयीची कृतज्ञता व्यक्त करण्याची रीत हा आहे.

या विषयाला निमित्त झाले ते एका वासाच्या नाहीशा होण्याचे. सांगलीच्या गणपती पेठेतील एका जुन्या किराणा दुकानात अलीकडे फळीच्या जागी लोखंडी मांडण्या आल्या, गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतःच माल उचलावा अशी सोय झाली आणि सारे जिन्नस प्लॅस्टिकच्या पाकिटांत बंद झाले. हळकुंडे, गुळाच्या ढेपा, हिंग, सुके खोबरे आणि गोणपाट यांचा मिळून जो एक जड वास पायरीवरच भेटत असे, तो आता तेथे नाही. हळदीच्या व्यापारासाठी देशभर नाव असलेल्या या शहरात, ज्याच्या शेजारच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे, म्हणजे निमुळत्या तोंडाची खोल कोठारे, वापरात होती, त्या वासाची कोणी वेगळी दखल घेत नसे. तो गेल्यावर मात्र त्याच्याबरोबर एक माणूस आठवला. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणत असे. ते दुकानाचे मालक नव्हते, नोकर होते.

मामांची पुडी बांधण्याची पद्धत पाहण्यासारखी होती. रद्दीच्या कागदाचा चौकोन डाव्या तळव्यावर घेऊन त्याचा शंकू करायचा, टोक मुडपायचे, तराजूच्या पारड्यातील डाळ त्यात न सांडता ओतायची, वरच्या कडा आत दाबायच्या, आढ्याला टांगलेल्या रिळाचा दोरा खाली ओढून दोन उभे आणि दोन आडवे फेरे द्यायचे आणि शेवटी तो तर्जनीभोवती गुंडाळून एका झटक्यात तोडायचा, एवढे सारे गिऱ्हाइकाशी बोलणे चालू असतानाच होत असे. पुडी घरी सोडल्यावर तो दोरा आणि कागद दोन्ही पुन्हा वापरता येत.

तथापि स्मरणात पक्के रुतून बसले आहे ते त्यांचे दुसरेच एक कसब. महिनाअखेरीस प्रस्तुत लेखकाच्या घरातून वाणसामानाची यादी आणि पैसे देऊन मुलाला दुकानात पाठवले जाई आणि त्या यादीचा व त्या पैशांचा मेळ बसत नसे. मामा यादी मनातल्या मनात वाचत, मुलाच्या मुठीकडे एकदा पाहत आणि एक किलो साखरेच्या जागी अर्धा किलो, शेंगदाणे अर्ध्याऐवजी पाव किलो, अशी काटछाट स्वतःच करून बेरीज त्या पैशांत बसवत. दुकानात इतर गिऱ्हाइके उभी असत, पण आकडा मोठ्याने उच्चारला जात नसे आणि कोणताही प्रश्न विचारला जात नसे, पिशवी हातात देताना ते फक्त म्हणत, "आईला सांग, राहिलेलं एक तारखेला न्या."

येथे एका पाटीचा उल्लेख करणे भाग आहे. अनेक दुकानांत, बँकांत आणि कार्यालयांत ग्राहकाचे माहात्म्य सांगणारे एक वचन महात्मा गांधींच्या नावाने लावलेले असते. ग्राहक आपल्यावर अवलंबून नसून आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, असा त्याचा आशय असतो. ते गांधीजींनी १८९० साली दक्षिण आफ्रिकेतील भाषणात उच्चारले असे कित्येक ठिकाणी सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या वर्षी ते लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत होते आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाऊल ठेवले ते १८९३ साली. वचन कोणाचेही असो, पेठेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, त्या पाटीवर ग्राहक आहे आणि त्याच्या सेवेने कृतार्थ होणारी पेढी आहे, परंतु सेवा प्रत्यक्षात ज्याच्या हातून घडते त्याच्यासाठी एकही शब्द नाही. लेखकाच्या मनातील सल हाच आहे. दुकान चांगले आहे असे गिऱ्हाईक म्हणते, ती स्तुती गादीवर, म्हणजे मालकाच्या बैठकीवर पोहोचते आणि तेथेच थांबते.

या बाबतीत लेखकाच्या आईचा एक नेम होता. दिवाळीच्या फराळाचे ताट दुकानात पाठवताना ती एकाऐवजी दोन ताटे करीत असे. एक गादीवर द्यायचे आणि दुसरे मामांच्या हातातच द्यायचे, अशी तिची सक्त सूचना असे. सणाला नोकरमाणसाला जी बक्षिसी देतात तिला पोस्त म्हणतात. मामांच्या ताटात चकलीच्या खाली पोस्ताचे पाकीट असे, आणि ते इतरांच्या देखत उघडे पडू नये म्हणून त्यावर कागद घातलेला असे. महिनाअखेरीस मामा जी गुप्तता पाळत, तीच तिने या रीतीने परत केली होती.

पुढे साताऱ्यात वास्तव्य झाले तेव्हा हे कसब निराळ्या रूपांत दिसले. क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयाच्या परिसरातील एका औषधांच्या दुकानात, जावळी किंवा पाटण तालुक्यातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या वृद्धेसाठी तेथील नोकर गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने उगवता सूर्य आणि चंद्रकोर काढीत असे आणि "आज्जी, ह्यो सूर्य दिसला की न्याहारीनंतर एक," असे तिच्याकडून दोनदा वदवून घेत असे. खण आळीतील कापडदुकानात लुगडी आणि साड्या दाखवणारे विक्रेते एकेक वस्त्र स्वतःच्या खांद्यावर टाकून पदर उलगडत, आणि गिऱ्हाईक काहीच न घेता उठले तरी मागे राहिलेला ढीग मूळच्या चुणीवर पुन्हा घडी घालीत बसत. या घड्यांचे मोल कोणत्याही पावतीवर येत नाही.

साताऱ्याच्या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, कारण १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणारा हा पुरुष त्याआधी फिरता विक्रेता होता. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर खपवण्यासाठी त्यांनी खेडोपाडी पायपीट केली आणि शेतकऱ्यांच्या अज्ञानाचे दर्शन त्यांना याच भटकंतीत जवळून घडले. माल विकता विकता समोरच्या माणसाची अडचण ओळखणे हे विक्रेत्याच्या कामाचे अंग आहे; त्या ओळखीतून एके ठिकाणी शिक्षणसंस्था निर्माण झाली आणि दुसरीकडे अर्धा किलो साखरेचा हिशेब जुळला. दोहोंची व्याप्ती फार भिन्न आहे, पण मूळ दृष्टी एक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे निश्चित मत आहे.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हरभट रस्ता, मारुती चौक, गणपती पेठ हा सारा बाजार पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर भिजून कुजलेल्या धान्याची पोती बाहेर ओढणारे आणि मांडण्यांवरचा गाळ खरवडणारे हात मुख्यतः याच नोकरांचे होते, आणि त्यांतील अनेकांच्या स्वतःच्या घरांतही पाणी शिरले होते. पंचनामा मात्र मालाचा होतो.

कायद्याने या माणसाकडे अगदीच पाठ फिरवली असे म्हणता येणार नाही. १९४८च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे बंधन घातले होते. १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या नव्या अधिनियमाने दुकाने वर्षभर उघडी ठेवण्यास मुभा दिली आणि कामगाराची साप्ताहिक सुटी कायम राखली, परंतु त्याच्या सेवाशर्ती मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या होत्या. पेठेतील दोन-तीन नोकरांचे दुकान त्या कक्षेबाहेर राहिले. केरळात कापडदुकानांतील स्त्रियांनी दिवसभर उभे राहण्याच्या सक्तीविरुद्ध आवाज उठवला, त्यानंतर २०१८ साली तेथील कायद्यात कामाच्या वेळी बसण्याचा हक्क आला. तमिळनाडूने २०२१ साली तशीच तरतूद केली. ब्रिटनमध्ये दुकानातील स्त्री-कामगारांसाठी आसने ठेवण्याचा कायदा १८९९ सालीच झाला होता.

मामांना बसलेले कोणी पाहिले होते काय, असा प्रश्न या टप्प्यावर उभा राहतो. आठवणीत ते सदैव उभे आहेत. यादी वाचताना उभे, दोरा तोडताना उभे, फराळाचे ताट दोन्ही हातांनी घेतानाही उभेच. गादी एकाच माणसाची होती आणि फळीमागे साधे स्टूलही नव्हते.

म्हणून कृतज्ञतेचा विचार आभाराच्या शब्दांपुरता ठेवणे पुरेसे नाही. वाचकांना विनंती अशी की, ज्या दुकानात वर्षानुवर्षे जाणे आहे तेथील नोकराचे नाव विचारून घ्यावे. त्याने केलेल्या मदतीची गोष्ट त्याच्या देखत मालकाला सांगावी, कारण त्या बोलण्याचा उपयोग त्याच्या पगारवाढीच्या वेळी होतो. शटर अर्धे खाली आल्यावर लांबलचक यादी काढू नये. दिवाळीचे पोस्त त्याच्याच हातात द्यावे. आणि जुन्या गिऱ्हाइकाचा शब्द मालक सहसा मोडत नाही, हे ध्यानात घेऊन फळीमागे एक स्टूल ठेवावे, असे मालकाला एकदा स्पष्टपणे सुचवावे.