पंचवीस मीटरांवरून

माझे मामा राज्य परिवहन महामंडळात चालक होते, आणि त्यांच्या सेवेतील उमेदीची वर्षे कराड–चिपळूण मार्गावर, म्हणजे कुंभार्लीच्या घाटातून, आषाढाच्या धुक्यात आणि वैशाखाच्या उन्हात उतारूंनी भरलेली गाडी चढवण्या-उतरवण्यात गेली. सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या परवान्याची मुदत संपत आली, तेव्हा अर्जासोबत जोडावयाचा वैद्यकीय दाखला मिळवण्यासाठी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाण्याचे काम माझ्याकडे आले. वयाची ५५ वर्षे उलटली म्हणजे नूतनीकरण पाच-पाच वर्षांपुरतेच होते. परंतु मुदत संपून वर्ष लोटलेले नसेल, तर अर्जदारास वाहन चालवून दाखवावे लागत नाही, आणि त्यामुळे हा वृद्ध इसम रस्त्यावर गाडी चालवण्यास लायक आहे की नाही, या निर्णयाचा सगळा भार ‘नमुना १-अ’ या एका कागदावर येऊन पडतो.

तो कागद मी दवाखान्याच्या बाकावर बसून प्रथमच लक्षपूर्वक वाचला, आणि ज्याने कोणी तो सिद्ध केला त्याच्याविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. अर्जदारास तीव्र वा संपूर्ण रंगांधळेपणा आहे काय, चांगल्या उजेडात पंचवीस मीटरांवरून मोटारीची नंबरपट्टी त्याला ओळखता येते काय, नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू न येण्याइतका तो बहिरा आहे काय, त्यास रातांधळेपणा आहे काय – प्रश्न मोजके आहेत, पण त्यांतील प्रत्येकामागे कोणाचा तरी जीव उभा आहे. आत गेल्यावर डॉक्टरांनी मामांचे वय विचारले, रक्तदाब पाहिला, आणि उरलेल्या प्रश्नांसमोर भराभर खुणा करून शिक्का हातात घेतला. अक्षरांचा तक्ता भिंतीवर होता. परंतु त्याच्यापुढे औषधांच्या खोक्यांची चळत रचलेली असल्याने त्याच्या वरच्या दोन ओळीच काय त्या दिसत होत्या.

“डॉक्टर, डोळे बघायचे राहिले की माझे,” मामा म्हणाले.

“आजोबा, तुम्ही एसटीचे ड्रायव्हर. तुमचे काय बघायचे?”

“म्हणून तर म्हणतोय. तिथं बघितल्याशिवाय गाडी ताब्यात देत नव्हते.”

डॉक्टर चांगले गृहस्थ होते आणि बाहेर रुग्ण खोळंबले होते, हे मी जाणतो. तथापि ‘मी स्वतः तपासले आहे’ अशा मजकुराखाली न तपासता सही करणे ही मला किरकोळ कसूर वाटत नाही. मामांनी तो कागद तसाच घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येताच शेजारच्या बांधकामावरील गवंड्याकडून टेप मागून आणला. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मोटारीपासून आम्ही पंचवीस मीटर मोजले, तेथे खडूची रेघ मारली, आणि मामा रेघेवर उभे राहिले. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी क्रमांक बिनचूक वाचला. डावा झाकून उजव्यानेही वाचला. उजवा झाकताच मात्र शेवटचा अंक त्यांना तीन आहे की आठ हे सांगता येईना. कागदावरील प्रश्नापुरते ते उत्तीर्णच होते, कारण तो प्रश्न भर उजेडाचा आहे. पण तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. तिन्हीसांजेला ते मला हमरस्त्यावर घेऊन गेले आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती डाव्या डोळ्याला एक कडे दिसते, असे त्यांनी शांतपणे सांगितले. नेत्रतज्ज्ञांनी मोतीबिंदू असल्याचे निदान केले. शस्त्रक्रिया होऊन नवा चष्मा येईपर्यंत मामांनी गाडीला हात लावला नाही, आणि दाखल्यावर नव्याने, या खेपेस तपासून, सही घेतली.

याच सुमारास त्यांच्या नातवाला अठरा पूर्ण होऊन त्याच्या पक्क्या परवान्याची परीक्षा आली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधरावा नियम मी त्या निमित्ताने वाचला. त्यात उमेदवाराने उतारावर त्वरेने खालचा गिअर टाकून दाखवावा, तीव्र चढावर गाडी थांबवून ती किंचितही मागे न घसरता पुन्हा पुढे न्यावी, दुसऱ्यास ओलांडावे व दुसऱ्याला ओलांडू द्यावे, अशी पुष्कळ कौशल्ये विस्ताराने सांगितली आहेत. प्रत्यक्षात मैदान सपाट होते, गाडी मोटार ड्रायव्हिंग स्कूलची होती, शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायांखालीही क्लच आणि ब्रेक होते, आणि मुलाने थोडे पुढे जाऊन गाडी मागे घेताच त्याच्या नावापुढे खूण झाली.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, आणि ती सतरा वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचे पोलिसांनी सांगितले, तेव्हा प्रारंभी त्याच्या जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून सारा महाराष्ट्र संतापला. तो संताप रास्त होता. परंतु अल्पवयीनाने अपराध केल्यास पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तजवीज २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आधीच झालेली होती. आणखी कडक कायदा हवा, असे त्या दिवसांत ज्याने त्याने म्हटले. मला मात्र दवाखान्यातील तो शिक्का आणि मैदानावरील ती खूण आठवत राहिली. लिहिलेले सगळे विचारले जावे, एवढीच माझी मागणी आहे, आणि ती विशीतल्या उमेदवाराइतकीच सत्तरीतल्या अर्जदारालाही लागू आहे.

परवाना हाती आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मामांनी नातवाला कुंभार्लीच्या पायथ्याशी नेले, रहदारी नाही असे पाहून चढावर गाडी थांबवायला लावली, आणि स्वतः शेजारी हँडब्रेकवर हात ठेवून बसले. मी मागच्या आसनावर होतो. गाडी हातभर मागे आली. मामा रागावले नाहीत. क्लच कोठे धरू लागतो ते पायाला कळले पाहिजे, इंजिनाचा आवाज जड झाला की मगच ब्रेक सोडायचा, असे सांगून त्यांनी तेच पुन्हा करायला लावले. तो सराव अजून चालू आहे, आणि परवाना खिशात असूनही घाटात एकट्याने गाडी नेण्याची मुभा आजोबांनी त्याला दिलेली नाही.