रोमचे परसदार

रोमला जाऊन आलो हे मी आता आपणहून कुणाला सांगत नाही. सांगितले की पहिला प्रश्न येतो, "कलोसियम कसं काय वाटलं?" मग ते मी रस्त्याच्या पलीकडून पाहिले, हे कबूल करावे लागते. सिस्टीन चॅपेलचे छत? नाही पाहिले. सेंट पीटरच्या आत? नाही गेलो. एवढे झाल्यावर समोरच्या गृहस्थांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो तो मला पाठ झाला आहे. पंढरपूरला जाऊन कळसाला हात जोडून परतणाऱ्याला निदान वारकरी संप्रदायाचा आधार असतो. माझ्या बाजूने बोलायला कोणताच संप्रदाय नाही. म्हणून म्हटले, दिवाळी अंकात एकदा आपली बाजू मांडून टाकावी.

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. कॉलेजला सुटी होती, चार वर्षे बाजूला टाकलेले पैसे विमानभाड्याला पुरतील इतके झाले होते, आणि आणखी थांबलो तर ते घराच्या कौलांना लागतील अशी सौ.ला भीती होती. मराठीच्या प्राध्यापकाचे रोममध्ये काय काम, असे विभागातले सहकारी विचारीत. काम होते. ते पुढे सांगेन.

आम्ही वसईजवळच्या भुईगावचे. घर वाडीत. मागे केळी, नारळ आणि एक बावखल. पुढे थोडे चालले की सुरूचे बन आणि समुद्र. गावात ख्रिस्ती वस्ती मोठी. आमच्या कुंपणाला लागून ज्या मावशींची वाडी आहे त्या ऐंशीच्या घरात आहेत. उभा जन्म त्यांनी रोमला जायचे म्हणून पैसे साठवले, आणि दर वेळी ते कुणाच्या तरी लग्नात नाहीतर कुणाच्या तरी आजारपणात गेले. शेवटी पैसे राहिले तेव्हा गुडघे गेले. आम्ही निघणार हे कळल्यावर त्या काठी टेकीत कुंपणाशी आल्या. एका हातात सुकेळ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेणबत्ती.

"ही तिथं लाव. कुठंही लाव, पण गर्दीत नको. गर्दीत देवाला ऐकू येत नाही." मावशी आमच्या वसईच्या बोलीत बोलतात, मी ते इथे पुस्तकी मराठीत देतो आहे, त्यात त्याची निम्मी चव जाते. "आणि तिथली माणसं काय खातात-पितात, कशी राहतात, ते नीट बघून ये. मोठं चर्च मी टी.व्ही.वर बघितलंय."

तेव्हा हा निरोप मला सोपा वाटला होता.

पहिल्या दिवशी आम्ही चारचौघांसारखेच वागलो. सकाळी आठला रांगेत उभे राहिलो, दहाला ती रांग चुकीची निघाली. २०२५ हे जुबिलीचे वर्ष म्हणून शहरातले कितीतरी पुतळे आणि कारंजी परांच्यांच्या आड गेली होती. त्रेवीच्या कारंज्यापुढे पाणी दिसण्याऐवजी उंच धरलेले मोबाइल दिसले. (त्याच डिसेंबरात, कारंज्याची साफसफाई झाल्यावर, एका वेळी चारशेच माणसे आत सोडण्याचा नियम झाला. आम्ही गेलो तेव्हा तोही नव्हता.) सौ.ची टाच दुखते. स्पॅनिश पायऱ्यांशी पोहोचल्यावर ती सुस्कारा सोडून पायरीवर बसली, तोच शिट्टी वाजली. त्या पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जिन्यावरून उठून ती म्हणाली, "एवढी उभी मी निर्मळच्या जत्रेत राहिले असते, तर निदान चार वस्तू घेऊन घरी आले असते. उद्यापासून तुमच्या रांगा तुम्ही लावा."

आम्ही उतरलो होतो तेस्ताच्चो नावाच्या पेठेत. भाडे परवडले, एवढेच कारण. तिथे गेल्यावर कळले की ही रोमच्या कसाईखान्याची पेठ. १८९० च्या सुमारास उभा राहिलेला तो कसाईखाना १९७५ साली बंद झाला. आता त्या इमारतींत चित्रांची प्रदर्शने भरतात आणि वास्तुशास्त्राची मुले शिकतात. पण पेठेची ख्याती अजून तीच. बड्या लोकांना मांस गेल्यावर उरलेली आतडी, शेपट्या, काळीज यांचे नाना प्रकार करण्यात इथल्या खाणावळींचा हात धरणारे कोणी नाही. आम्ही दोघे जन्माचे शाकाहारी. बिऱ्हाड नेमके इथे!

आणि तरीही सांगतो, आम्ही तिथे उत्तम जेवलो. फक्त पहिली रात्र सोडून. पहिल्या रात्री एका खाणावळीच्या फळ्यावर भोपळ्याच्या जातीच्या फुलांची भजी असल्याचे समजले. सौ.चा चेहरा उजळला. आपल्या कोकणातले परस आठवले असेल. गरम, कुरकुरीत भजे आले. तिने पहिला घास घेतला, थांबली, आणि ताटलीकडे पाहत राहिली. फुलाच्या पोटात चीज होते, आणि चीजच्या कुशीत एक खारवलेला मासा. आपल्या मांदेलीची चुलत बहीणच म्हणा ना. तिकडे मासा म्हणजे मांस नव्हे, ही समजूत जुनी आहे. वाढणाऱ्या मुलाला आम्ही का दचकलो तेच कळेना.

या पेचातून आम्हांला सोडवले ते मावशींनी. निघताना त्या सहज म्हणाल्या होत्या, "खाण्याचं अडलं तर शुक्रवार बघ. उपासाच्या दिवशी गरीब माणूस काय खातो ते विचार." शाकाहारी म्हणून जो पदार्थ मागावा तो पाहुण्यांसाठी केलेला, पांचट निघे. पण उपासाचा म्हणून विचारले की स्वयंपाकघरातून कुणीतरी हात पुशीत बाहेर येई आणि आमच्याकडे निराळ्याच नजरेने पाही. मांस वर्ज्य करायचे दिवस त्या शहराने शतकानुशतके पाळले आहेत, त्यामुळे त्याच्या जुन्या पदार्थांत आपल्याला खाण्याजोगे पुष्कळ आहे. काबुली चणे आणि बारीक पास्ता यांची दाट आमटी, वरून कच्चे ऑलिव्हचे तेल आणि रोझमेरीचा वास. चिकोरिया नावाची कडवट पालेभाजी, उकडून लसूण-मिरचीवर परतलेली; ती खाताना डोळे मिटले तर माणूस वसईत आहे. आर्टिचोक हे काटेरी कमळासारखे दिसणारे बोंड, पुदिन्याच्या जातीचा पाला आणि लसूण भरून तेलात शिजवलेले. हंगाम सरत आला होता, तरी मंडईत ते सोलून देणारी बाई होती. चण्याच्या आमटीतही कधी फोडणीला मासा विरघळवतात, म्हणून "मासा नको" हे वाक्य मी इटालियनमध्ये घोकले होते. मराठी व्याकरण शिकवण्यात वीस वर्षे घालवल्यावर एक वाक्य घोकण्यातला विद्यार्थ्याचा घाम मला पुन्हा कळला.

पेकोरिनो चीज आणि मिरी एवढ्यावरच होणारा पास्ताही तिथला नामांकित. मिरी पाहून ऊर भरून येतो, कारण दोन हजार वर्षांपूर्वी ती रोमला आपल्या मलबारातून जाई. आणि त्या काळच्या ग्रीक खलाशी-ग्रंथात आमच्या शेजारच्या सोपाऱ्याचेही नाव बंदर म्हणून आले आहे. पण ते चीज धरायला कोकराच्या पोटातले विरजण लागते. मला हे दुसऱ्याच दिवशी समजले होते. सौ.ला मी चौथ्या दिवशी सांगितले. हे वाक्य ती आता प्रथमच वाचील.

रांगा सोडल्यावर दिवस एकदम मोठे झाले. तेस्ताच्चोत एक टेकडी आहे, पस्तीसेक मीटर उंचीची, आणि ती सबंध खापरांची आहे. प्राचीन रोममध्ये तेलाचे रांजण येत, रिकामे झाले की फोडून इथे रचीत. उकिरड्याचे पांग फिटतात म्हणतात ते असे; आता त्यावर गवत उगवते आणि विद्वान लोक खापरांवरची अक्षरे वाचतात. जवळच कीट्सची समाधी आहे, तिच्यावर त्याचे नाव नाही. रस्तोरस्ती लोखंडी बुटके नळ. तोटी लांब नाकासारखी, म्हणून लोक त्यांना नासोने, म्हणजे नाकाडे, म्हणतात. १८७४ पासून ते बसवीत आले आहेत आणि आज शहरात अडीच हजारांच्या आसपास आहेत. पाणी दिवसरात्र वाहते, गार आणि गोड. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजे उडते आणि वाकून पिता येते. ही युक्ती मला एका सात-आठ वर्षांच्या पोराने शिकवली. माझा सदरा भिजल्यावर तो समाधानाने निघून गेला.

एका दुपारी आम्ही मेट्रोने एकच स्टेशन पुढे, गार्बातेल्लाला गेलो. १९२० साली कामकरी लोकांसाठी वसवलेली ही वस्ती. चारपाच घरांच्या मधे एक सामाईक अंगण, त्यात झाडे, बाक आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. गिरगावातली चाळ आणि आमची वाडी यांचे लग्न लावले तर असे काही होईल. आम्ही एका उघड्या फाटकातून आत शिरलो. सौ.ने लिंबाच्या झाडाचा फोटो घेतला. मी चादरींचा घेतला. चादरीमागून एक म्हातारी बाहेर आली आणि आम्हांला काहीतरी म्हणाली. शब्द एक कळला नाही, अर्थ पूर्ण कळला; कारण ते वाक्य मी स्वतः दर रविवारी बोलतो.

भुईगावचा समुद्र आता मुंबईच्या लोकांना सापडला आहे. रविवारी गाड्यांची रीघ लागते. लोक आमच्या केळीखाली फोटो काढतात, बावखलात डोकावतात, पिशव्या टाकतात. त्या एप्रिलमधल्या एका रविवारी एक कुटुंब फाटकाशी आले होते. दोन लहान मुले, उन्हाने लाल झालेली. बाईने प्यायला पाणी मागितले. "इथे हॉटेल नाही," असे मी म्हणालो आणि कडी लावली. मुले कुंपणाच्या कडेने पुढे गेली. पलीकडून मावशींच्या कळशीचा आवाज आला. त्या मला त्याविषयी कधी काही बोलल्या नाहीत.

गार्बातेल्लाच्या त्या फाटकाबाहेर आल्यावर सौ. म्हणाली, "रविवारी तुम्ही अगदी असेच दिसता." मी चादरींचा फोटो पुसून टाकला.

आता माझे काम. १५७५ साली सव्वीस वर्षांचा एक इंग्रज तरुण रोममध्ये, क्विरिनाल टेकडीवरच्या सांत आंद्रेआ या मठात, जेझुइटांचा उमेदवार म्हणून दाखल झाला. चार वर्षांनी तो गोव्याला आला, मराठी शिकला, आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्याने रचले. ते १६१६ मध्ये राचोलला रोमन अक्षरांत छापले गेले. फादर स्टीफन्स हा आमच्या अभ्यासक्रमातला दहा गुणांचा प्रश्न. मुले तेवढ्यापुरता तो पाठ करतात आणि मीही तेवढ्यापुरता शिकवीत आलो. त्याच्या वेळचे देऊळ आता नाही. आहे ते बर्निनीने १६५८ साली बांधायला घेतलेले, आडव्या अंड्याच्या आकाराचे, तांबूस संगमरवराचे. त्रेवीच्या झुंबडीपासून चालत दहा मिनिटे. आत आम्ही दोघे आणि एक झाडणारा. मी मागच्या बाकावर बसलो. इथे कुठेतरी तो लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत असेल, तेव्हा आपण एके दिवशी ज्ञानोबांच्या छंदात लिहिणार आहोत याची त्याला काय कल्पना! मी त्या ओव्यांतल्या ज्या दोनचार येतात त्या मनातल्या मनात म्हटल्या. मोठ्याने म्हणायचा धीर झाला नाही.

मेणबत्ती अजून पिशवीतच होती. जिथे जावे तिथे विजेच्या मेणबत्त्या. खाचेत नाणे टाका, दिवा लागतो. शेवटच्या संध्याकाळी पेठेतल्या एका लहानशा चर्चमध्ये तेच. सौ. म्हणाली, टाका नाणे, मावशींना कोण सांगतंय. मी नाणे काढलेही. तेवढ्यात दिवाबत्ती पाहणारा म्हातारा जवळ आला. मी वर्तमानपत्र उलगडून मेणबत्ती दाखवली. त्याने ती घेतली, कागदावरची देवनागरी अक्षरे बोटाने चाचपली, "कोण?" अशी खूण केली. मी गुडघ्यांवर हात ठेवून काठीची नक्कल केली. त्याने मान हलवली, आतून एक पितळी दांडी आणली आणि मेणबत्ती तिच्यावर लावली. आम्ही तिघे बसून राहिलो. अर्धी जळल्यावर त्याने घड्याळ दाखवले आणि फुंकर घातली. उरलेली उद्या सकाळी लावीन, असे हातांनी सांगितले.

परत आल्यावर मावशींच्या ओट्यावर बसून मी सगळे सांगितले. भज्यातल्या मांदेलीची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली. मेणबत्तीचे ऐकून म्हणाल्या, "सकाळी लावीन म्हणाला ना? मग लावली असेल." मग थोड्या वेळाने, "पाणी कसं तिथलं?"

"गोड. रस्त्यावर नळ आहेत, दिवसरात्र वाहतात."

"पैसे?"

"कुणीही प्यावं. पैसे नाहीत."

मावशी बावखलाकडे पाहत होत्या. जूनचा पहिला आठवडा, पाणी तळाला गेलेले.

"रविवारीपण?"

"रविवारीपण," मी म्हणालो.

त्या काठी टेकीत उठल्या आणि ओट्यावर चढलेल्या कोंबड्या हाकलू लागल्या.