शिसव, स्प्रूस आणि तर्जनी

मार्टिन डी-२८ गिटारच्या साउंडहोलला नाक लावून बघावं. दुकानातले लोक बघतात, बघू देत. आत शिसवी कपाटाचा वास येतो, आणि त्यात नवल काही नाही, लाकूड तेच आहे. ब्राझीलने रोझवूडचे ओंडके देशाबाहेर जाऊ देणं थांबवलं, तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या या कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसव जवळ केलं. सहावी तार मोकळी छेडली की हिचा खर्ज कानाआधी बरगड्यांना कळतो, कारण गिटारची पाठ तिथेच टेकलेली असते.

गिब्सनची जे-४५, १९४२ पासूनची, महॉगनीची. आवाज कोरडा, आस आखूड. सूर येतो, बोलतो आणि निघून जातो. गाणाऱ्याला हेच सोयीचं. शब्दांच्या वाटेत गिटार येत नाही. टेलर गिटारबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. हात तिच्यावर लोण्यासारखा फिरतो, पण सगळे सूर इतके स्वच्छ आणि समतोल की थोड्या वेळाने मला कंटाळा येतो.

असं लाकडावरून बोलायला आम्हा गिटारवाल्यांना फार आवडतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकॅस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातली हवाच काढली. पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या, बाकी सगळं सारखं, अशा सहा गिटारी त्यांनी बनवून घेतल्या. अंधुक खोलीत ५२ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल चढवले आणि गिटारी हातात दिल्या. गुण जवळपास सारखेच पडले. सोन्याच्या भावाचं ब्राझिलियन रोझवूडही भल्याभल्यांना खात्रीने वेगळं काढता येईना.

मग आपण ऐकतो ते काय? मुख्यतः समोरची स्प्रूसची पातळ पाटी आणि तिच्या पोटात फुलीसारख्या चिकटवलेल्या पट्ट्या. मार्टिनवाले १९४४ पर्यंत या पट्ट्या कोरून हलक्या करत. लोक जाड तारा चढवू लागले, पाट्या फुगू लागल्या, कोरणं बंद झालं. जुन्या आवाजाची चटक मात्र सुटली नाही. अखेर १९७६ मध्ये एचडी-२८मधून कोरीव पट्ट्या परत आल्या.

हाताचं गणित कुठल्याच गॉगलने झाकत नाही. डी-२८ची स्केल, म्हणजे मोकळ्या तारेची लांबी, सुमारे ६४५ मिलिमीटर, जे-४५ची ६२८. तार तीच, सूर तोच, तर आखूड स्केलवर ताण कमी. फरक उणापुरा १७ मिलिमीटरचा, पण पहिल्या फ्रेटवर एफची बार कॉर्ड धरली की तर्जनीला तो लगेच समजतो. तार खेचून मींड काढतानाही समजतो. त्यात बाराव्या फ्रेटपाशी तारा अर्धा मिलिमीटर जास्त उंच असल्या, तर लाखांची गिटारही शिक्षा वाटते. तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, म्हणजे सॅडल, घासून ती उंची कमी करता येते, हे विक्रेता सांगेलच असं नाही.

मला एकच घ्यायची झाली तर मी जे-४५ घेईन. डी-२८च्या खर्जाची हळहळ वाटेलच, पण एफ धरून तासभर गाता येईल.